तीन सूत

मशीनच्या तळाशी, पुढच्या उजव्या पायाजवळ, एक छोटीशी कळ आहे. डावीकडे फिरवली की मशीन स्वतःच्या पोटातल्या अडीच लिटरच्या टाकीतून पाणी घेतं. उजवीकडे फिरवली की थेट नळातून. कळ वरून दिसत नाही. फिरवायची तर तीस किलोचं मशीन कुणीतरी एका अंगाने उचलून धरावं लागतं. ही कळ नसलेलं मशीन जवळपास निम्म्या किमतीत मिळत होतं. म्हणजे उरलेले पैसे मी त्या कळीचे मोजले होते, आणि ती उजवीकडे वळेपर्यंत मला घास गोड लागणार नव्हता.

मशीन खोक्यातून बाहेर येऊन पाच मिनिटं झाली नसतील, आई म्हणाली, "पाणी संपलं की वरून तांब्याने ओतायचं, एवढंच ना?"

"आई, हे इटालियन एस्प्रेसो मशीन आहे. यात तांब्याने पाणी ओतत नाहीत."

"मग इटलीत कशाने ओततात?"

इथेच विषय मिटायचा. पण माझ्या डोळ्यांपुढे एक दृश्य तरळत होतं. पाहुणे आलेत, मी खटका दाबतोय, पाहुणे विचारतायत, "यात पाणी कुठून येतं हो?" आणि मी कपावरची नजरही न उचलता म्हणतोय, "डायरेक्ट लाइन आहे." गिरगावात जन्मलेल्या माणसाला या दोन शब्दांची किंमत सांगायला नको. टाकीचं पाणी ते टाकीचं, डायरेक्टचं ते डायरेक्टचं. आमच्याकडे माणसांचीही वर्गवारी याच धर्तीवर करतात. चाळ पाडून टॉवर झाला तेव्हापासून सगळ्यांनाच गच्चीवरच्या टाकीतून पाणी येतं हे खरं. पण पाहुण्यांना ते कशाला सांगायचं?

कॉफीतलं मला फार कळतं अशी माझी समजूत आहे, आणि ती मी गेली वीस वर्षं कुणाच्याही मदतीशिवाय टिकवून धरली आहे. 'एक्स्प्रेसो' म्हणणाऱ्याला मी तिथल्या तिथे थांबवतो. "एस्प्रेसो. मध्ये क नाही." ऑफिसात थांबवलंय, लग्नात थांबवलंय, एकदा तर एका तेराव्याला थांबवलंय. बायको म्हणते, लोक एकमेकांची उणीदुणी काढतात, तू नुसता क काढत फिरतोस.

आता हा क मुळात कुठून आला ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. म्हणजे जाता येईल, पण मला जायचं नाही.

तो आला लग्नाच्या हॉलमधून. गिरगाव-दादरच्या हॉलांत संध्याकाळच्या रिसेप्शनला स्टेजपासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात, बहुधा मागच्या दाराजवळ, ते यंत्र उभं असे. खांबासारखं गोल, चकचकीत, डोक्यावर घुमट आणि छातीवर एक काटा, जो मी आयुष्यात कधी हललेला पाहिला नाही. त्यावर लाल अक्षरांत 'एक्स्प्रेसो कॉफी'. शेजारी एप्रन घातलेला माणूस. त्या एप्रनचा मूळ रंग कोणता हा वादाचा विषय असला, तरी माणसाचा रुबाब वादातीत होता. वधूपिता सगळ्या हॉलला हात जोडत फिरायचा, त्यात या माणसालाही जोडायचा. हा मात्र कुणाला हात जोडत नसे. त्याचे हात कामात असत.

एका पातेल्यात साखर आणि कॉफी घोटून ठेवलेली. तिचा चमचाभर गोळा स्टीलच्या जगात, वर दूध, मग तो जग यंत्राच्या नळीखाली धरून चावी सोडायची. अहाहा! काय तो आवाज! सनईची कॅसेट त्यात बुडून जाई, स्टेजवरचे फोटोग्राफर वळून बघत, मांडीवरची तान्ही मुलं दचकून रडायला लागत आणि आम्ही थोडी मोठी मुलं त्या आवाजाच्या रोखाने धावत सुटायचो. दूध फुगून काठाशी आलं की चावी बंद. मग कप, कपावर फेस, आणि फेसावर झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यातून चॉकलेटची पूड. ती एका कपाला दोनदा झटकून घेणं ही कला होती. "काका, जरा जास्त" असं म्हटलं की काका हमखास कमी टाकत. म्हणून आपण दुसरीकडेच कुठेतरी बघत कप पुढे करायचा.

लग्न ठरताना याद्यांच्या बैठकीत मानपानाचं सगळं सुरळीत पार पडे आणि गाडी अडे ती 'आइस्क्रीम की एक्स्प्रेसो' इथे. आइस्क्रीम म्हणजे मोजून एकेक. एक्स्प्रेसो म्हणजे कुणी किती प्यायली याचा हिशोब नाही. वरपक्षाला म्हणूनच ती हवी असे, वधूपक्षाला म्हणूनच नको. माझ्या एका मामेभावाने दादरच्या वनमाळी हॉलमध्ये एका संध्याकाळी सहा कप रिचवले आणि घरी जाताना ट्रेनमध्ये परत केले. त्या कॉफीत कॉफी किती होती, असं आज कुणी विचारलं तर मी म्हणेन, अफवेपुरती. पण ओठावर फेसाची मिशी घेऊन हॉलभर हिंडण्यात जी श्रीमंती होती ती पुढे मला कुठल्याही काचेच्या दाराआडच्या कॅफेत, दीडशेच्या दीडशे रुपये मोजूनही, मिळालेली नाही.

आणि वीस वर्षं ज्याची मी टिंगल केली त्या यंत्राची कुळकथा वाचायला बसलो तर निघालं भलतंच. 1901 साली मिलानच्या लुइजी बेझेराने ज्या मशीनचं पेटंट घेतलं, ते वाफेवरच चालायचं. उभं, गोल, डोक्यावर घुमट. पाणी कॉफीतून ढकलायला फक्त वाफेचा जोर, म्हणून जेमतेम दीड बार दाब, आणि म्हणून चव जळकी. आज जिला आम्ही जाणकार एस्प्रेसो म्हणतो, सोनेरी साय धरणारी, ती आली त्यानंतर कितीतरी वर्षांनी. अकिले गाज्जाने 1938 साली वाफेला बाजूला सारण्याचं पेटंट घेतलं आणि महायुद्धानंतर दांडा ओढून दाब देणारी मशिनं काढली. तेव्हा रूपाने तरी ते लग्नातलं मशीन माझ्या मशीनचं पणजोबा लागतं. त्या एप्रनवाल्या काकांची मी मनातल्या मनात माफी मागितली. क मात्र दिला नाही.

नळाचं प्रकरण त्याहून पुढचं. 1961 साली फाएमा कंपनीच्या एर्नेस्तो व्हालेन्तेने विजेचा पंप बसवलेलं मशीन आणलं, आणि ते थेट नळाला जोडता येत होतं. त्याचं नाव ई-61. यातला ई त्या वर्षीच्या सूर्यग्रहणाचा. ही माहिती मी जेवताना मोठ्या उत्साहाने दिली तेव्हा आईने एवढंच विचारलं, की मग त्या पाण्यात तुळशीचं पान टाकायचं का.

म्हणजे 1961 साली इटलीत कॉफीच्या मशीनलासुद्धा स्वतःचा नळ मिळाला. आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर त्या साली बारा बिऱ्हाडांत दोन नळ होते, आणि मी कॉलेजात गेलो तेव्हाही दोनच होते.

गंमत म्हणजे पाणी आमच्या डोक्यावरच होतं. गिरगावातून मान वर केली की मलबार हिल, आणि त्यावर हँगिंग गार्डन. ते गार्डन पाण्याच्या जलाशयाच्या पाठीवर वसवलेलं. शाळेची सहल गेली होती तेव्हा बाई म्हणाल्या, "मुलांनो, तुमच्या पायाखाली पाणी आहे." लगेच आमच्यातले दोघे हिरवळीवर आडवे होऊन जमिनीला कान लावायला लागले. 1860 चा विहार, मग तुळशी, तानसा, 1957 चं मोडकसागर, वरची वैतरणा, भातसा, 2014 ची मध्य वैतरणा. सात तलाव, आणि त्यांतल्या बहुतेकांचं पाणी ठाण्या-नाशकाच्या डोंगरांतून वाट काढत मुंबईत येतं. आमच्या मजल्यावर ते पहाटे साडेचारला यायचं आणि साडेसहाला जायचं. यायच्या आधी नळ बोलायचा. आत खोल कुठेतरी एक उसासा, मग फस्स्स, मग थुंकल्यासारखी तांबूस पाण्याची गुळणी, पुन्हा फस्स्स, आणि मग धार. "आम्ही चार वाजता उठून पाणी भरलेली माणसं," हे वाक्य मी मुलाला आठवड्यातून एकदा ऐकवतो. तो शॉवरखाली फार वेळ लावत असेल तर दोनदा.

सगळं पावसाचं पाणी असल्यामुळे ते मऊ. मशीनच्या माहितीपुस्तकात तेरा पानं कठीण पाण्याच्या दहशतीने भरली आहेत. बॉयलरमध्ये क्षार साचतील, नळ्या चोंदतील. मी पेनासारखं एक टीडीएस मीटर मागवलं. आमच्या नळाला 58 आकडा आला. इटलीतल्या लोकांनी हेवा करावा असं पाणी! मग मी ते मीटर ताकात बुडवलं, आमटीत बुडवलं, शेजाऱ्यांच्या ॲक्वेरियममध्ये बुडवलं. आईच्या तीर्थाच्या भांड्याकडे वळलो तेव्हा बायकोने ते काढून घेतलं.

राहता राहिली जोडणी. मशीनच्या मागच्या तोंडाचे आटे तीन अष्टमांश इंचाचे, आमचा नळ अर्धा इंची. मध्ये एक जोड हवा. मी नागदेवी स्ट्रीटला गेलो. जाताना घरूनच वाक्य घोकून गेलो होतो, "थ्री एट्थ बीएसपी फीमेल टू हाफ इंच मेल ॲडॅप्टर." पहिल्या दुकानात ते म्हटलं तर त्यांनी पुढचं दुकान दाखवलं. पुढच्याने त्याच्या पुढचं. पाचव्या दुकानात एक वयस्कर बोहरी शेठ बसले होते. मी मोबाइलवर चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"तीन सूत बोलो ना."

"काय?"

"तीन सूत गुणिले अर्धा इंच रिड्यूसर. पितल में. दात के डॉक्टर हो क्या?"

इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. हे त्या गल्लीतल्या हमालाला ठाऊक होतं, पोऱ्याला ठाऊक होतं, चहावाल्यालाही ठाऊक असणार. मला नव्हतं. ज्या गिरणगावाच्या उंबऱ्यावर माझं आयुष्य गेलं तिथे सूत या शब्दावर माणसं जगली, आणि मी तीन सुतांसाठी इंग्रजीत अर्धा बाजार पालथा घातला. जोड साठ रुपयांना मिळाला. शेठ कागदात गुंडाळून देताना म्हणाले, "तुम्ही मराठी ना?"

जोडायला लालबागहून मामा आले. सगळे त्यांना मामाच म्हणतात. सत्तरीला टेकलेले, हातात कापडी पिशवी, तिच्यात दोन पाइपपान्हे, सफेद्याची डबी आणि सुताची गुंडी. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला त्याआधी सात वर्षं ते एका गिरणीत बॉयलरवर होते. संप मिटला असं कुणी कधी सांगितलंच नाही, म्हणून ते अजूनही "सध्या प्लंबिंगचं बघतो" असंच म्हणतात. मी टेफ्लॉन टेप पुढे केली. त्यांनी ती परत माझ्या हातात ठेवली आणि आट्यांवर सूत गुंडाळायला लागले, एकेका आट्यात एकेक पदर, अंगठ्याने दाबत. तीन सूत आणि अर्धा इंच यांचं सूत जुळवायला शेवटी सूतच लागलं.

"ह्याला बॉयलर आहे?" त्यांनी विचारलं.

"दोन आहेत," मी छाती काढून म्हणालो.

"किती लिटरचे?"

"मोठा एक पूर्णांक आठ."

मामा हसले. "आमच्या कायद्यात पावणेतेवीस लिटरच्या आतल्याला बॉयलर म्हणतच नसत साहेब. त्याला परवाना नको, काही नको. किटली ती. प्रेशर किती घेतं?"

"नऊ बार."

त्यांचे ओठ पुटपुटले. "म्हणजे एकशे तीस पौंड." हातातला पान्हा थांबला. "आमच्या लँकेशायर बॉयलरवर याच्याहून कमीच असायचं बघा. सायझिंगपासून रंगखात्यापर्यंत सगळ्यांना वाफ पुरायची." मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत. नळाखाली वाकून पान्हा फिरवत राहिले.

ती शांतता मला सोसली नाही. काहीतरी जवळीक दाखवावी म्हणून मी म्हणालो, "मामा, आम्हीही चाळीतलेच हो. चार वाजता उठून पाणी भरलेली माणसं."

"आम्ही म्हणजे कोण?" स्वयंपाकघराच्या दारातून आई.

"म्हणजे आपण सगळे."

"हा?" आई माझ्याकडे न बघता मामांना म्हणाली. "हा कधी उठला? ह्याला गादीसकट ओढून भिंतीला लावायचे आणि पिंपाला वाट करायचे. बारावीला तर ह्याची झोप मोडू नये म्हणून हंड्याखाली फडकं ठेवायचे, आवाज नको म्हणून."

मामा नळाखालून बाहेर आले ते हसतच. बायको खिडकीबाहेर बघत होती, पण तिचे खांदे हलत होते. मुलगा मात्र उघड उघड माझ्याकडे बघत होता.

त्या रात्री मी एक्सेल उघडलं. काही चुकलं की मी एक्सेल उघडतो. मजल्यावरच्या नळापासून आमच्या दारापर्यंत रोजचे साठ लिटर धरले, तेही कमीत कमी. पंचवीस वर्षं. पाच लाख सत्तेचाळीस हजार पाचशे लिटर. आईचं उजवं मनगट डाव्यापेक्षा जाड आहे. ते मी लहानपणापासून बघतोय, तिच्या हाताची ठेवणच तशी असेल असं धरून चाललो होतो. त्या फडक्याचं मला खरंच माहीत नव्हतं. हंडा टेकताना आवाज होत नसे एवढंच माहीत होतं, आणि आमचा हंडाच तसा आहे असं वाटायचं.

असो.

मामांनी घड्याळ लावून दाब मोजला. पाऊण बारलाही कमी. माहितीपुस्तक म्हणत होतं, निदान दोन हवा. मामांनी बोटाने छत दाखवलं. दहा मीटर पाण्याला एक बार. आमचा मजला सतरावा, वर फक्त अठरावा आणि त्यावर टाकी. सोडतीत सतरावा निघाला तेव्हा मी पेढे वाटले होते. बाराव्या मजल्यावरच्या गृहस्थांनी अदलाबदलीचा विषय काढला होता, तर मी त्यांना खिडकीतून हँगिंग गार्डन दाखवलं होतं.

"चार-पाच माळे खाली राहायला गेलात तर येईल प्रेशर," मामा म्हणाले.

पर्याय होता छोटी मोटर लावण्याचा. मुंबईत माणसाने कर्ज बुडवलेलं खपतं, दोन घरं केलेली खपतात. लाइनला मोटर लावलेली खपत नाही. 1986 साली चाळीत पहिल्या मजल्यावरच्या एका बिऱ्हाडाने गुपचूप मोटर लावली होती. ती आईने पकडली. डॉक्टर छातीला नळी लावतो तसा पाइपाला कान लावत ती जिना उतरत गेली आणि एका दारापुढे थांबली. त्या घरी पुढे दोन वर्षं हळदीकुंकवाला कुणी पाऊल टाकलं नाही. आता मी मागवलेल्या मोटरचं खोकं वॉचमनने वाचलं, वॉचमनकडून सेक्रेटरीला कळलं, आणि मी सेक्रेटरींना शांतपणे समजावलं, की नऊ बारचं मशीन आहे. संध्याकाळपर्यंत बाराव्या मजल्यावर बातमी पोचली, की सतराव्यावर बार निघतोय. हे सगळं मी निभावलं असतं. पण आई म्हणाली, "मोटर लावलीस तर ह्या घरात मी पाणी पिणार नाही." खोकं परत गेलं.

"पण ह्याच्या पोटात पंप आहे ना?" मामांनी दुसऱ्या दिवशी विचारलं. "मग मागून ढकलायला कशाला पाहिजे? पाणी दारात आलं की तो घेईल ओढून. पुस्तक लिहिणाऱ्याने सतरावा माळा बघितलाय का?"

बायकोने आणि मुलाने मशीन उचलून धरलं. मी खाली हात घालून कळ उजवीकडे वळवली. खटका दाबला. पंप गुणगुणला, काटा नवावर गेला, आणि उंदराच्या शेपटीसारखी एक धार कपात उतरली. मी कप दोन्ही हातांनी मामांना दिला.

त्यांनी आत वाकून पाहिलं. "आणि?"

"झालं."

"एकशे तीस पौंडात एवढंच?" त्यांनी एका घोटात ती संपवली. चेहऱ्यावर काहीही दिसू न देण्याची त्यांची धडपड मला अजून आठवते. आई तोवर चहा टाकून मोकळी झाली होती.

नऊ दिवस मी राजा होतो. चार पाहुणे बोलावले, चौघांनाही पाणी कुठून येतं असं विचारायचं सुचलं नाही, म्हणून शेवटी मीच विषय काढला. एक मेहुणा म्हणाला, "मस्त आहे रे तुझी एक्स्प्रेसो." त्या दिवशी मी क खपवून घेतला, एवढा मी सुखात होतो.

दहाव्या दिवशी, 2024 चा जून होता, तलाव तळाला गेले होते आणि शहरात दहा टक्के कपात सुरू झाली. सोसायटीने दुपारी टाकीचा व्हॉल्व्ह बंद ठेवायचं ठरवलं. तशी नोटीस लिफ्टमध्ये लागली. मी लिफ्टमध्ये आरशात बघत असतो. रविवारी दुपारी खटका दाबला आणि मशीनमधून भलताच आवाज आला. कोरडा, कर्कश, दात खाल्ल्यासारखा. मी माहितीपुस्तकाची अनुक्रमणिका शोधत होतो तेवढ्यात वामकुक्षी टाकून आई आली आणि तिने भिंतीवरचं बटण बंद केलं.

"हवा ओढतोय," ती म्हणाली. "ऐकू येत नाही का तुला?"

कोरडा चालला तर पंप दोन-चार मिनिटांत जळतो, हे पुस्तकात पान 41 वर आहे.

आता कळ डावीकडे वळवून टाकीत तांब्याने पाणी ओतणं एवढाच शहाणपणाचा मार्ग होता. तो मी घेणं शक्य नव्हतं. चौघांना सांगून झालं होतं. मामांना फोन केला. "लाइनच पाहिजे ना? देतो लाइन," ते म्हणाले. माळ्यावर आईचं चाळीतलं पितळी पिंप होतं. चाळ सोडताना भंगारवाल्याने त्याचे चांगले पैसे देऊ केले होते, पण ती त्याला हात लावू देईना. त्या पिंपाला तळाशी तोटी, तोटी अर्धा इंची. ओट्यावरच्या फळीत मामांनी दोन लोखंडी ब्रॅकेट ठोकले, पिंप वर चढवलं, सूत गुंडाळलं, आणि नागदेवीचा साठ रुपयांचा जोड काढून इथे लावला. पिंपात पाणी आहे तोवर हवा येणार नाही. कळ उजवीकडेच आहे. लाइन आहे, आणि डायरेक्ट आहे.

फक्त ते पिंप भरायला लागतं. वीस लिटर, दर तीन दिवसांनी, स्टुलावर चढून, कळशीने. आईचा हात आता खांद्याच्या वर जात नाही, बायकोने पहिल्याच दिवशी हात जोडले, आणि मुलगा म्हणतो, "बाबा, तुम्ही चार वाजता उठून भरलेली माणसं."

परवा ऑडिटमुळे मला लवकर निघायचं होतं. पहाटे पाचला उठून दिवा न लावताच मशीन चालू केलं. दुधात घालायच्या आधी वाफेची नळी थोडी सोडावी लागते, तिच्यात साचलेलं पाणी निघून जावं म्हणून. चावी फिरवली. आत कुठेतरी उसासा, मग फस्स्स, मग थुंकल्यासारखी एक गुळणी, पुन्हा फस्स्स.

आईच्या खोलीचं दार उघडलं. एका हाताने भिंत धरून, डोळे अर्धे मिटलेलेच, ती अंधारात उभी होती. दुसरा हात दाराच्या मागे काहीतरी चाचपत होता. चाळीत तिथे कळशी असायची.

"आलं का रे?"

मी जग खाली ठेवला.

"आलं."

"मग भरून घे. जाईल नाहीतर."

मी स्टूल ओढलं.